पाहावे, मोजावे, मग बोलावे : डॉ. रॉबर्ट कॉख यांचे चरित्र



गेल्या पावसाळ्यातील एक गोष्ट सांगून प्रारंभ करतो. आठवीतील एक मुलगा घरच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून वर्गात घेऊन आला आणि हे पाणी तसेच प्यावे की उकळून प्यावे, असे त्याने मला विचारले. मी भाषेचा शिक्षक, कलाशाखेचा पदवीधर. बाटली खिडकीच्या उजेडात धरून मी पाहिली. पाणी अगदी नितळ होते. चांगले आहे, तसेच प्यायला हरकत नाही, असे मी सांगून टाकले. मुलगा माझ्यापेक्षा सावध निघाला. मधल्या सुट्टीत तो विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेला. त्यांनी बाटलीच्या तळाकडील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मलाही बोलावून घेतले. त्या नितळ थेंबात एक गाव नांदत होते! त्यांतील सगळेच जीव घातक नसतात, आणि जे खरे घातक ते याहूनही लहान असतात, त्यांच्यासाठी निराळी परीक्षा करावी लागते, असे त्या शिक्षकांनी समजावून दिले. पाणी उकळूनच प्यावे, असे सांगून मुलाला त्यांनी घरी धाडले.

मी मात्र मनातून खजील झालो. जे मी पाहिले नव्हते त्याविषयी मी निर्वाळा दिला होता, आणि तो एका मुलाच्या आरोग्याविषयी दिला होता. पाण्याची ती निराळी परीक्षा कोणी शोधून काढली, याचा मी मग शोध घेऊ लागलो, आणि ज्या थोर पुरुषाचे चरित्र हाती आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. त्याच्या आयुष्यात त्याचे यशही आहे आणि त्याची चूकही आहे. दोन्ही सारख्याच शिकण्याजोग्या आहेत.

जर्मनीतील हार्ट्स पर्वतात क्लाउस्टाल नावाचे खाणकामगारांचे गाव होते. तेथे ११ डिसेंबर १८४३ रोजी रॉबर्ट कॉख याचा जन्म झाला. वडील खाणीवरील अधिकारी होते. तेरा भावंडांत रॉबर्टचा क्रमांक तिसरा. वयाच्या पाचव्या वर्षी वर्तमानपत्रे चाळून तो आपला आपणच वाचायला शिकला, हे पाहून आईवडिलांना मोठे नवल वाटले. १८६२ साली तो गटिंगेन येथील विद्यापीठात वैद्यक शिकण्यास गेला. तेथे याकोब हेन्ले हे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. साथीचे रोग सजीव सूक्ष्म परोपजीवींमुळे होतात, असे मत त्यांनी १८४० सालीच प्रसिद्ध केले होते. त्या काळी बहुतेक वैद्य रोगाचे खापर दूषित वाऱ्यावर फोडीत. हेन्ले यांच्या मताला प्रत्यक्ष पुरावा नव्हता. तो पुरावा मिळवणे हेच पुढे त्यांच्या या शिष्याचे जीवितकार्य ठरले.

१८६६ साली कॉख वैद्यकाचे पदवीधर झाले आणि हँबुर्गच्या इस्पितळात काही काळ साहाय्यक म्हणून राहिले. त्या वर्षी त्या शहरात कॉलऱ्याची साथ होती. आपण ज्याला पटकी म्हणतो तोच हा रोग. सकाळी हिंडताफिरता असलेला माणूस सायंकाळपर्यंत नाहीसा व्हावा, असा त्याचा झपाटा. तरुण कॉख यांनी ते सर्व जवळून पाहिले. याच शहरात सव्वीस वर्षांनी त्यांना पुन्हा यावे लागणार होते.

पुढे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी स्वयंसेवक म्हणून वैद्यकीय सेवा केली आणि १८७२ साली व्होल्श्टाइन या आडगावी जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणून ते रुजू झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. जवळ विद्यापीठ नाही, ग्रंथालय नाही, चर्चा करायला विद्वान नाहीत. चार खोल्यांचे बिऱ्हाड हीच प्रयोगशाळा. पत्नी एमी यांनी भेट दिलेले सूक्ष्मदर्शक यंत्र हे तिच्यातील मुख्य धन. बाकीची सामग्री कॉख यांनी स्वतःच जमवली. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात भिंगाला डोळा लावायचा, असा क्रम सुरू झाला.

त्या भागात गुरामेंढरांना अँथ्रॅक्स नावाचा रोग होई. माणसाला झाला की त्याला आपल्याकडे काळपुळी म्हणतात. या रोगाने मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीच्या आकाराचे जंतू असतात, हे पूर्वीच्या संशोधकांनी पाहिले होते. परंतु जंतूंमुळे रोग होतो की रोगामुळे जंतू येतात, हा वाद मिटला नव्हता. शिवाय आणखी एक कोडे होते. काही कुरणांत वर्षांनुवर्षे एकही आजारी जनावर नसताना अकस्मात हा रोग कसा उद्भवे? कॉख यांनी लाकडाच्या बारीक सळ्यांनी मेलेल्या जनावराच्या प्लीहेतील रक्त उंदरांना टोचले. उंदीर त्याच रोगाने मेले. मग बैलाच्या डोळ्यातील द्रवात ते जंतू वाढवून त्यांनी तासन्‌तास त्यांचे निरीक्षण केले. काड्या वाढत गेल्या, लांब धागे झाले, आणि परिस्थिती प्रतिकूल होताच त्या धाग्यांत चकाकणारे वाटोळे कण दिसू लागले. ही जंतूंची बीजे होती. ती कोरड्या मातीत वर्षांनुवर्षे टिकत आणि पुन्हा अनुकूल काळ येताच त्यांतून जंतू उत्पन्न होत. कुरणाचे कोडे उलगडले. रोगाचे मूळ नुसत्या जनावरात शोधून भागत नाही, ज्या भूमीवर ते चरते ती भूमीही तपासावी लागते, ही गोष्ट येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे सिद्ध झाली.

एप्रिल १८७६ च्या अखेरीस हा अप्रसिद्ध खेड्यातला डॉक्टर आपली सामग्री बांधून ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांच्याकडे गेला. तेथे त्याने मोठमोठी व्याख्याने दिली नाहीत. प्रयोग मांडला आणि जाणत्यांना भिंगातून पाहावयास सांगितले. ज्यांनी पाहिले त्यांच्या शंका उरल्या नाहीत. त्याच वर्षी कोन यांनी आपल्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध केले.

परंतु सर्वांनाच कॉख यांच्या खोलीत येऊन पाहणे शक्य नव्हते. इतरांना कळावे म्हणून त्या काळी संशोधक जंतूंची चित्रे हाताने काढीत. हातात कला असली तरी मनात जे आहे तेच कागदावर उतरण्याचा धोका असे. एकाला जो जंतू गोल दिसे तोच दुसऱ्याच्या चित्रात लांबट होई, आणि भांडण वाढे. कॉख यांनी ठरवले की जंतूंची छायाचित्रेच घ्यावयाची. प्रकाशाने स्वतःच चित्र काढावे, माणसाच्या हाताने नव्हे.

हे काम म्हणावे तितके सोपे नव्हते. विजेचे दिवे नव्हते. आरशाने सूर्यकिरण यंत्रात वळवावे लागत, आणि मधेच ढग आला की सारे फुकट जाई. त्यामुळे एमीबाई बाहेर उभ्या राहून आकाशाकडे लक्ष ठेवीत आणि ढग दिसताच आत सूचना देत, असे सांगतात. जिवंत जंतू हालत असल्याने त्यांचे चित्र पुसट येई. म्हणून काचेवर पातळ थर वाळवून जंतू स्थिर करण्याची रीत कॉख यांनी बसवली. त्यावर नुकतेच निघालेले ॲनिलीन रंग दिले की जंतू उठून दिसत. पण निळा रंग त्या काळच्या छायाचित्राच्या काचेवर नीट उमटेना, तेव्हा त्यांनी तपकिरी रंग वापरून पाहिला. अशा खटपटी करून १८७७ साली त्यांनी जंतूंची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी येना येथील एर्न्स्ट ॲबे यांनी तयार केलेली नवी भिंगे त्यांच्या हाती आली. या भिंगांत दोन युक्त्या होत्या. नमुन्याच्या खालून प्रकाश एकवटणारे एक भिंग, आणि वरचे भिंग व काच यांच्यामध्ये तेलाचा एक थेंब. हवेतून जाताना वाकून वाया जाणारे किरण तेलामुळे थेट भिंगात शिरतात आणि प्रतिमा स्वच्छ होते. या नव्या भिंगांनी जखमांच्या विषारी रोगांचे जंतू कॉख यांना स्पष्ट दिसू लागले.

१८८० साली बर्लिनच्या शासकीय आरोग्य कार्यालयात त्यांची नेमणूक झाली. तेथे गाफ्की आणि ल्योफ्लर यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. आता प्रश्न होता तो जंतू वेगळे करण्याचा. पातळ रसात वाढवले की अनेक जातींचे जंतू एकमेकांत मिसळत. उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर निरनिराळ्या रंगांचे ठिपके वाढतात, आणि प्रत्येक ठिपका एकाच जातीचा असतो, हे कॉख यांच्या ध्यानी आले. तेव्हा काचेवर घट्ट थर देऊन त्यावर जंतू वाढवण्याची पद्धत त्यांनी काढली. हा थर प्रथम जिलेटिनचा असे. पण उन्हाळ्यात जिलेटिन वितळे, आणि काही जंतू ते खाऊन पातळ करीत. हवेतील जंतू मोजण्याच्या खटपटीत असलेल्या वॉल्टर हेस या संशोधकाला हीच अडचण होती. त्यांच्या पत्नी फॅनी हेस स्वयंपाकघरात मुरंब्याजेलीसाठी समुद्रशेवाळाचे अगार वापरीत. तेच वापरून पाहावे, असे त्यांनी सुचवले, आणि अडचण मिटली. आपल्या घरी चायनाग्रास म्हणून जो पदार्थ आणतात तो हाच. आजही जगातील प्रत्येक जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा स्वयंपाकघरातून आलेला पदार्थ आहे.

या पद्धतीतून पाण्याची परीक्षाही निघाली. पाणी मोजून घ्यावे, पातळ केलेल्या जिलेटिनमध्ये मिसळावे आणि काचेवर ओतून थिजू द्यावे. पाण्यात जितके जिवंत जंतू तितके ठिपके काही दिवसांत उगवतात. भिंगाखाली ते ठिपके मोजावे. नितळ दिसणाऱ्या पाण्याची खरी योग्यता एका आकड्यात सांगता येऊ लागली. त्या दिवशी वर्गात ज्या परीक्षेवाचून मी बोललो ती ही.

२४ मार्च १८८२. बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्र मंडळाची सभा. कॉख काही मोठे वक्ते नव्हते. सावकाश बोलत. पण त्या सायंकाळी त्यांनी आपली अर्धी प्रयोगशाळाच सभागृहात आणली होती. यंत्रे, नळ्या आणि दोनशेहून अधिक नमुने त्यांनी टेबलांवर मांडले होते. विषय होता क्षयरोग. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू क्षयाने होतो, असा हिशेब त्यांनी मांडला. क्षयाचा जंतू साध्या रंगांना दाद देत नसे. निळा व तपकिरी असे दोन रंग वापरून त्यांनी शरीराचा भाग तपकिरी आणि जंतू निळा दिसेल असे केले होते. हा जंतू फार संथ वाढतो, म्हणून त्यांनी दुसऱ्या आठवड्यापर्यंत धीर धरून वाट पाहिली होती. भाषण संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत, कोणी वादही घातला नाही. सभासद उठले आणि एकेक करून भिंगांपाशी गेले. आज जगभर २४ मार्च हा क्षयरोग दिन पाळतात तो याच सभेच्या स्मरणार्थ.

१८८३ साली ईजिप्तमध्ये कॉलरा उद्भवला. जर्मन आणि फ्रेंच अशी दोन पथके अलेक्झांड्रियास गेली. फ्रेंच पथकातील तरुण संशोधक लुई थुइलिए याला त्याच रोगाने गाठले व त्याचा अंत झाला. दोन राष्ट्रांत तेव्हा वैर होते. तरीही कॉख आणि त्यांचे सहकारी त्याच्या अंत्ययात्रेत सामील झाले. ईजिप्तमधील साथ ओसरली तेव्हा कॉख आपल्या देशात आले. १८८३ च्या डिसेंबरात ते कलकत्त्यास पोहोचले आणि १८८४ च्या प्रारंभी स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांनी वेगळा करून दाखवला. इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ सालीच हा जंतू पाहिला होता, पण त्यांच्याकडे जगाने लक्ष दिले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कलकत्त्याजवळील बेलेघाटा भागात एका तळ्याकाठी साथ आली होती. लोक त्याच तळ्यात अंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पहिल्या रोग्याचे कपडेही तेथेच धुतले होते. कॉख यांनी तळ्याचे पाणी पुनःपुन्हा तपासले. साथ ऐन भरात असताना त्यात ते वाकडे जंतू विपुल होते, आणि साथ ओसरली तेव्हा ते विरळ झाले. रोगी आणि पाणी यांतील दुवा दिसला. मात्र या जंतूने कोणत्याही प्राण्याला कॉलरा करून दाखवणे त्यांना साधले नाही. तो पुरावा अपुरा आहे, हे त्यांनी लपवले नाही.

मित्रहो, येथवर हे चरित्र म्हणजे विजययात्राच वाटेल. आता पुढचा भाग ऐका. १८९० च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. तेथे कॉख यांनी क्षयाच्या जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य सापडल्याचे सूचित केले, आणि नोव्हेंबरात माणसांवरील उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. पण ते द्रव्य कशाचे आहे हे त्यांनी सांगितले नाही. ज्याने आयुष्यभर आधी दाखवले आणि मग सांगितले, त्याने या वेळी न दाखवताच सांगितले. गावोगावचे क्षयरोगी आशेने बर्लिनकडे धावले. उपचार चालू झाले, आणि काही महिन्यांतच निराशा पसरली. अनेकांना गुण आला नाही, काही दगावले. रुडॉल्फ फिर्खो यांनी मृतदेह तपासून रोग बरा झाला नसल्याचे दाखवून दिले. हे द्रव्य म्हणजे जंतूंचा ग्लिसरीनमधील अर्क होता, हे जानेवारी १८९१ मध्ये उघड झाले. ट्युबरक्युलिन हे त्याचे नाव. त्याने क्षय बरा होत नाही. परंतु पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्यातून क्षयाचा संसर्ग ओळखण्याची कातडीवरची चाचणी तयार केली, आणि तिचा उपयोग आजही होतो. तरी त्या हिवाळ्यात ज्यांनी आशेने घरदार सोडले त्यांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. नामवंत माणसाच्या शब्दावर लोक जीव ठेवतात. म्हणून त्याने शब्द अधिकच तोलून वापरावा लागतो.

यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८९२ मध्ये, हँबुर्ग शहरावर कॉलऱ्याचा घाला पडला. सुमारे सतरा हजार लोक आजारी पडले आणि आठ हजारांहून अधिक मृत्यू पावले. शासनाने कॉख यांना पाठवले. त्यांनी पाहिले ते विलक्षण होते. हँबुर्गला लागूनच आल्टोना हे गाव. दोन्ही गावांना एल्बे नदीचेच पाणी. आल्टोनाचे पाणी तर हँबुर्गच्या खालच्या अंगाने, म्हणजे त्या शहराची घाण मिसळल्यावर घेतलेले. तरी आल्टोना बहुतांशी वाचले! हद्दीवरच्या एका रस्त्यावर काही घरे हँबुर्गची, पण त्यांना नळ आल्टोनाचा होता. तीही वाचली. हवा एक, माती एक, माणसे एकाच प्रकारची. भेद एकच होता. आल्टोनात पाणी वाळूच्या थरांतून गाळून देत, हँबुर्गात तसेच सोडत. गाळणीचे काम खर्चाच्या वादात तेथे वर्षांनुवर्षे रखडले होते.

या वेळी कॉख यांनी कोणतेही गुप्त औषध सांगितले नाही. त्यांनी आकडा सांगितला. गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून अधिक जंतू असू नयेत, आणि प्रत्येक गाळणीचे पाणी रोजच्या रोज तपासावे. पुढच्या हिवाळ्यात आल्टोनातही थोडे रोगी आढळले तेव्हा जंतूंच्या आकड्यांवरूनच बर्फाने बिघडलेल्या गाळणीचा पत्ता लागला. रोगी मोजत बसण्यापेक्षा पाणी मोजत राहावे, ही गोष्ट त्या आकड्यांनी जगाला शिकवली. हँबुर्गची गाळणी १८९३ साली सुरू झाली.

१८९७ साली मुंबईत प्लेगचा कहर चालू असताना जर्मन पथकाचे प्रमुख म्हणून कॉख पुन्हा आपल्याकडे आले होते. १९०५ साली क्षयरोगावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर त्यांनी ॲटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त औषध वापरले, आणि त्याचे प्रमाण वाढवल्यावर काही रोग्यांची दृष्टी कायमची गेली. ज्याने जगाला पाहायला शिकवले त्याच्या हातून हे घडावे, याचे वाचताना मनाला फार क्लेश होतात. थोरांचे चरित्र लिहिताना हे गाळावे, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बर्लिनमधील त्यांच्याच नावाच्या संस्थेत ठेवल्या आहेत.

आज उपग्रहावरील यंत्रे समुद्राचा रंग टिपतात, आणि पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींच्या त्या रंगावरून कॉलऱ्याचा धोका आधीच ओळखता येईल काय, याचा अभ्यास शास्त्रज्ञ करीत आहेत. बंगालच्या उपसागरावरही हा अभ्यास झाला आहे. बेलेघाट्याच्या तळ्याकाठी वाकून पाणी भरणाऱ्या कॉख यांचाच मार्ग आता आकाशातून चालला आहे. प्रकाशाने पाहावे, पाहिलेले मोजावे, आणि मोजलेले सर्वांपुढे ठेवावे.

आमच्या कोकणीत विहिरीला बांय म्हणतात. प्रत्येक घराची बांय ही त्या घराची प्रतिष्ठा असते, आणि आमच्या बांयचे पाणी वाईट असे कोणी सहसा कबूल करीत नाही. तो आठवीतला मुलगा मात्र ते तपासायला घेऊन आला. त्याच्या घरी आता पाणी उकळून पितात, असे त्याच्या आईने पालकसभेत मला सांगितले. आणि मी? कोणी बाटली पुढे केली की ती उजेडात धरण्याआधी मी विज्ञानाच्या खोलीकडे बोट दाखवतो.